डावीकडची नव्हे, पुढची

जानेवारीतल्या एका रविवारी रात्री अनोळखी नंबरावरून निरोप आला. "काका, तुमची मोहरीची जीपीएक्स फाइल घेऊन आम्ही काल बोराट्याच्या नाळेला गेलो होतो. तुम्ही ज्या घळीतून उतरलात तिथं खाली कातळ तुटलाय, चाळीसेक फूट. आमच्याकडं दोर नव्हता. तुम्ही कसे उतरलात?"

आधी 'काका' गिळलं. मग निरोप पुन्हा वाचला आणि पोटात गोळा आला. आम्ही त्या घळीतून उतरलोच नव्हतो. चुकून शिरलो होतो, त्याच कातळाच्या काठावर बसून एकमेकांची तोंडं बघितली होती आणि गपचूप वर चढून आलो होतो. ही गोष्ट २०१२ च्या डिसेंबरातली. घरी आल्यावर मी त्या दिवसाची जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएस यंत्रानं करून ठेवलेली नोंद, कुणाला तरी पाठवली, त्यानं पुढं पाठवली, आणि ती बारा वर्षं गावोगाव हिंडत शेवटी या पोरांच्या फोनात जाऊन बसली. पोरं शहाणी, वेळेत मागं फिरली आणि मुक्कामाला मोहरीत परतली. पण डिसेंबर-जानेवारीचा दिवस लहान असतो, आणि परत फिरायला जी अक्कल लागते ती विसाव्या वर्षी सगळ्यांकडं असतेच असं नाही. माझ्याकडं नव्हती.

मोहरी म्हणजे वेल्ह्याच्या पलीकडं, घाटमाथ्याच्या अगदी काठावरचं गाव. तिथून रायलिंगच्या पठारावर गेलं की समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागं रायगड. कोकणात उतरायला बोराट्याची नाळ. आता नाळ म्हणजे काय, तर कड्याला पडलेली उभी चीर, मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली. पण सह्याद्रीच्या धारेला अशा चिरा शेकड्यांनी. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. काही खालपर्यंत पोचतात, काही अर्ध्यात हवेत सुटतात. कुठली कशी, हे वरून कळत नाही, खाली गेल्यावरच कळतं. मोहरीचे मामा तेव्हा वाटाड्या म्हणून यायला तयार होते, आम्हीच म्हटलं, "कशाला मामा, यंत्र आहे की." मामांनी यंत्राकडं बघितलं आणि एवढंच सांगितलं, "डावीकडची न्हवं बरं का. फुडची."

डावीकडच्या नेमक्या किती घळी सोडायच्या, हे आम्ही विचारलं नाही.

निरोप आला त्याच रात्री जुनी हार्ड डिस्क काढली. 'ट्रेक' नावाच्या फोल्डरात 'मोहरी', 'मोहरी_नवीन', 'मोहरी_फायनल' आणि 'मोहरी_फायनल_२' अशी चार भावंडं निघाली. शिवाय मित्राच्या फोनमधली एक फाइल, आणि माझी वही, जिच्यात पाण्याचं टाकं, खिंड वगैरे ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पेनानं लिहून ठेवलेले. यंत्राच्या बॅटरीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून ती वही. आता हे सगळं एका नकाशावर आणायचं आणि बघायचं की आमची चूक नक्की कुठल्या रूपात त्या पोरांपर्यंत पोचली.

नकाशाचं काम मी क्यूजीआयएस नावाच्या सॉफ्टवेअरवर करतो. फुकट आहे, मोठं आहे, आणि २००२ पासून जगभरातल्या लोकांनी घडवत आणलंय. सुरुवातीला बटणांचं जंगल बघून घाबरायला होतं, पण जीपीएक्स आत घ्यायला काहीच लागत नाही. फाइल माउसनं उचलायची आणि खिडकीत टाकायची. मग ते विचारतं, यातलं काय काय हवं? वेपॉइंट, रूट, ट्रॅक, रूट पॉइंट, ट्रॅक पॉइंट. नवा माणूस इथंच गोंधळतो आणि 'ट्रॅक' एवढंच निवडून मोकळा होतो. वेपॉइंट म्हणजे खूण करून ठेवलेली एखादी जागा, रूट म्हणजे जायचं ठरवलेलं, ट्रॅक म्हणजे प्रत्यक्षात गेलेलं. ठरवलेलं आणि गेलेलं यांत फरक असतो हे त्या फाइलीच्या रचनेतच धरलेलं आहे, ही मला फार प्रामाणिक गोष्ट वाटते. पण 'ट्रॅक' घेतला की हातात येते नुसती रेघ. कुठला बिंदू किती वाजता उमटला, किती उंचीवर, हे सगळं 'ट्रॅक पॉइंट'मध्ये असतं. ते घेतलं नाही तर दिवसाची गोष्ट हरवते आणि फक्त आकार उरतो.

मी 'मोहरी_फायनल' टाकली, म्हणजे पोरांकडं होती तीच. पांढऱ्या पडद्यावर एक तिरकी रेघ आली. आणि धारेपाशी तिला स्वच्छ दोन फाटे. एक डावीकडं खाली गेलेला आणि मध्येच संपलेला, दुसरा पुढं जाऊन खाली कोकणातल्या पाने गावाकडं उतरलेला. कुणीही बघितलं तर म्हणेल, इथं उतरायच्या दोन वाटा आहेत, आणि डावीकडची जवळची दिसते. मग मी 'ट्रॅक पॉइंट' उघडले. वेळेचा रकाना पूर्ण रिकामा.

तेव्हा आठवलं. त्या काळच्या बऱ्याच हातयंत्रांत ही खोड होती. दिवसभर यंत्र आपलं गुपचूप हजारो बिंदू नोंदवत राहायचं, आणि संध्याकाळी तुम्ही हौसेनं 'सेव्ह' म्हटलंत की जागा वाचवायला त्यांतले बहुतेक गाळून काही शे ठेवायचं, वर वेळही पुसून टाकायचं. जपून ठेवा म्हटल्यावर छाटणी करणारं यंत्र! आमचं घळीत उतरणं आणि त्याच घळीतून वर येणं या दोन वेगळ्या रेघा होत्या, एकमेकींपासून आठ-दहा मीटरवर. छाटणीत त्या एकीवर एक बसल्या. वेळ नाही, म्हणजे आधी काय आणि नंतर काय तेही नाही. गेलो आणि परत आलो याचं 'इथून जाता येतं' असं झालं.

नशिबानं 'मोहरी_नवीन' ही मूळ, न छाटलेली नोंद निघाली. ती नोटपॅडमध्ये उघडली. जीपीएक्स म्हणजे शेवटी साधा मजकूरच. २००४ पासून त्याची १.१ ही आवृत्ती चालू आहे आणि अजून कुणाला बदलावीशी वाटलेली नाही. एकाखाली एक बिंदू. प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, आत एका ओळीत उंची, दुसऱ्या ओळीत तारीख आणि वेळ. घळीच्या तोंडाशी पहिला बिंदू पाच वाजून पस्तीस मिनिटांचा. पहाटे पाच-पस्तीसला आम्ही मोहरीतल्या मारुतीच्या देवळात घोरत होतो! पण त्या वेळेच्या शेवटी इंग्रजी झेड असतो, तो म्हणतो की ही जागतिक वेळ आहे, तुमचे साडेपाच तास तुम्ही मिळवा. मिळवले. अकरा वाजून पाच मिनिटं. बाहेर पडल्याचा बिंदू अकरा-शेहेचाळीसचा. एकेचाळीस मिनिटं आम्ही त्या घळीत होतो. मला आजवर दहा मिनिटं आठवत होती.

या साडेपाच तासांनी पुढं आणखी एक गंमत केली. त्या दिवशीचे फोटो मी ट्रॅकच्या वेळेशी जुळवून नकाशावर लावले, तर घळीत कातळाच्या काठावर सुतकी चेहऱ्यानं बसलेले आम्ही चौघं पाने गावात एका अंगणात उगवलो. कॅमेरा भारतीय वेळेवर होता, ट्रॅक जागतिक. अकरा एकतीसचा फोटो यंत्राच्या मते संध्याकाळी पाच-एकचा झाला, आणि पाच वाजता आम्ही खरंच पान्यात चहा पीत होतो. चेहरे मात्र चहाचे नव्हते.

मग वही घेतली. सतरा ठिकाणं होती. एक्सेलमध्ये भरून त्यांची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी, केली आणि आत घेतली. पडद्यावर काहीच दिसेना. 'लेयरकडे जा' म्हटलं, तर चहूकडं निळं पाणी. जगाचा नकाशा मागं लावून बघतो तो माझी सतराच्या सतरा ठिकाणं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, बेअर आयलंडच्या खाली शंभरेक किलोमीटरवर. पाण्याचं टाकं तिथं, देऊळ तिथं, बोराट्याची नाळ तिथं. क्यूजीआयएस आधी एक्स मागतं, म्हणजे रेखांश. आपल्याला शाळेपासून सवय अक्षांश-रेखांश म्हणायची, त्यामुळं हात आपोआप पहिला आकडा पहिल्या चौकटीत टाकतो. अठरा आणि त्र्याहत्तर यांची अदलाबदल झाली की मावळ थेट आर्क्टिकला जातो. ही चूक मी आजवर किती वेळा केली असेल याची गणती नाही, आणि पुढंही करणार. फक्त आता पडद्यावर निळं पाणी दिसलं की हसू येतं.

मित्राच्या फोनातली फाइल तर उघडेचना. 'अवैध' म्हणाली आणि बसली. तिचा शेवट बघितला तर शेवटचा बिंदू अर्धवट तुटलेला. दुपारी फोनची बॅटरी गेली होती, त्यामुळं फाइल बंद करायच्या ओळीच लिहिल्या गेल्या नव्हत्या. जीपीएक्समध्ये उघडलेलं प्रत्येक दार बंद करावं लागतं, आतून बाहेर, क्रमानं. अर्धा बिंदू खोडला आणि खाली तीन ओळी हातानं लिहिल्या: सेगमेंट बंद, ट्रॅक बंद, जीपीएक्स बंद. सेव्ह केलं, पुन्हा टाकलं, आणि बारा वर्षं मुकी पडलेली फाइल नकाशावर आली. संगणकाशी माझं एवढं जिव्हाळ्याचं काम क्वचितच झालं असेल.

तिच्यातल्या उंच्या मात्र अजब होत्या. पठारावर, टाक्यापाशी, जिथं जिथं दोन्ही नोंदी होत्या तिथं फोन यंत्रापेक्षा साठेक मीटर खाली. हा अनुभव मला आधी एकदा मुरुडच्या किनाऱ्यावर आला होता; पायाला लाट लागतेय आणि फोन म्हणतोय उणे साठ. फोनचं चूक नसतं. उपग्रहांचा हिशेब पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती अंडाकृतीवरून होतो, आणि खरी समुद्रसपाटी त्या अंडाकृतीला धरून नसते. गुरुत्वाकर्षण जिथं कमी तिथं ती खाली बसते. आपला अख्खा देश अशाच एका खोलगट भागात येतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खळगा सगळ्यात खोल, शंभर मीटरांच्या वर. आपल्या कोकणात साठच्या आसपास. हातयंत्रांच्या पोटात या फरकाचं कोष्टक असतं, फोनवरची काही ॲप ते बघतात आणि काही कच्चा आकडा तसाच लिहून मोकळी होतात. तोरणा १४०३ मीटरचा, तो अशा फाइलीत तेराशे चाळीसच्या आसपास भरतो. गडाचा अपमान वाटतो, पण काय करणार.

आता रेघा सगळ्या आल्या, मागं डोंगर हवा होता. आधी माझ्याकडचा जुना टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्या-वाटा दाखवणारा सरकारी नकाशा, लावला. ४७ एफ या क्रमांकाच्या भागातला, स्कॅन केलेला, खरं सांगायचं तर झेरॉक्सच्या झेरॉक्सचा स्कॅन. २००५ साली नकाशांचं नवं राष्ट्रीय धोरण आलं आणि भारतीय सर्वेक्षण विभागानं लोकांसाठी वेगळी मालिका काढली, त्याच्या आधी ट्रेकर लोकांचं सगळं चालायचं ते अशाच हस्ते-परहस्ते आलेल्या कागदांवर. तर त्या कागदावर आमची रेघ ठेवली आणि मी चक्रावलो. रेघेचा खरा, पान्याला उतरणारा फाटा नकाशातल्या शेजारच्याच चिरेत जाऊन बसला होता. म्हणजे बारा वर्षांपूर्वी आम्ही उतरलो ती बोराट्याची नाळ नव्हतीच की काय?

तसं नव्हतं. जुने टोपोशीट एव्हरेस्टच्या मोजमापावर बेतलेले आहेत. १८३० मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारताच्या सर्वेक्षणासाठी पृथ्वीचा जो आकार धरला, तो भारताला चपखल बसावा म्हणून. जीपीएसचा आकार अख्ख्या पृथ्वीला बसावा म्हणून. एकाच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात, आणि आपल्या भागात तो फरक शंभराहून अधिक मीटर. पुण्याच्या रस्त्यावर शंभर मीटर म्हणजे पुढचा सिग्नल. सह्याद्रीच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे दुसरी घळ. नकाशा कुठल्या मोजमापाचा आहे ते सॉफ्टवेअरला सांगितलं, आणि रेघ निमूटपणे आपल्या नाळेत येऊन बसली. ते आपणहून विचारत नाही, ही त्याच्याविषयीची माझी जुनी तक्रार. गप्प राहून चुकीचं दाखवतं. मामाही कमीच बोलले होते, पण बरोबर बोलले होते.

मग उंचीचा नकाशा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अमेरिकी यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारनं डोंगरदऱ्यांची उंची मोजून आलं. ते आकडे आज कुणालाही फुकट मिळतात. त्यावरून सावल्या काढल्या की सह्याद्री पडद्यावर असा उठून दिसतो की हात फिरवावासा वाटतो. त्या पोरांपैकी एकजण भूगोलाचा विद्यार्थी होता, हे मला नंतर कळलं. त्यानं जायच्या आधी हेच सगळं करून डावीकडच्या घळीचा उतार तपासला होता. उभा होता, पण सलग होता. कातळ कुठंच दिसत नव्हता. कसा दिसेल? त्या नकाशात तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद चौकोनाला मिळून एकच उंची असते. चाळीस फूट म्हणजे बारा मीटरचा कातळ दोन चौकोनांच्या मध्ये विरघळून गुळगुळीत उतार होऊन जातो. पोरानं अभ्यास केला होता, आणि अभ्यासानंच त्याला सांगितलं की जा.

रात्रीचा एक वाजला होता. मी घळीवर नकाशा मोठा करत करत गेलो. आत शिरल्यावर बिंदू बिथरलेले. दोन्ही बाजूंना कडे असले की उपग्रहाचा संदेश सरळ येत नाही, कातळावर आपटून येतो, आणि यंत्राला वाटतं आपण भलतीकडंच आहोत. एका ठिकाणी रेघ कड्याच्या पोटातून आरपार गेलेली, दोन मिनिटांत परत आलेली. आणि सगळ्यात खाली, कातळाच्या काठावर, बिंदूंचा गुंता. आम्ही जागचे हललो नव्हतो, पण यंत्र दर काही सेकंदांनी आम्हाला इकडं तिकडं ठेवत होतं. त्या गुंत्याची लांबी मोजली तर एकशे ऐंशी मीटर भरली. बसल्या जागी आम्ही एकशे ऐंशी मीटर चाललो. एकजण म्हणत होता उडी मारता येईल. मी म्हणत होतो बॅगा आधी खाली टाकू. हे बोलणं मला लख्ख ऐकू आलं, आणि अंगावर काटा आला. बॅगा खाली टाकल्या असत्या तर मग उतरावंच लागलं असतं.

जीपीएक्स थेट कापता येत नाही, म्हणून ट्रॅक दुसऱ्या स्वरूपात काढून घेतला आणि घळीच्या तोंडाशी तोडला, परतीच्या बिंदूपाशी पुन्हा तोडला. तीन तुकडे झाले. मधला तुकडा पुसून टाकावा, असं पहिल्यांदा मनात आलं. पुसला की फाइल सुंदर दिसते, आपण कधी चुकलोच नाही अशी. पण मग पुढचा माणूस त्या घळीच्या तोंडाशी उभा राहील तेव्हा त्याला काहीच सांगणारं नसेल, आणि तोंड तर फार मोहात पाडणारं आहे. सुरुवातीला मळलेली ढोरवाटसुद्धा आत जाते. म्हणून तुकडा ठेवला, लाल केला. प्रत्येक ट्रॅकला नावाचा, शेऱ्याचा आणि वर्णनाचा असे रकाने असतात. ते पहिल्यापासून आहेत. माझ्या हार्ड डिस्कवरच्या दोनशेच्या वर फाइलींत मी ते आजवर एकदाही भरलेले नव्हते. वर्णनात लिहिलं: 'इथं आम्ही चुकलो. शेवटी कातळ, चाळीस फूट. परत फिरलो. उतरू नका.'

दुसऱ्या दिवशी मोहरीला फोन लावला. मामांच्या मुलानं उचलला आणि त्यांना दिला. आता ते डोंगरात जात नाहीत, गुडघे गेलेत. ओळख पटायला वेळ लागला, मग एकदम म्हणाले, "ते यंत्रवालं व्हय!" मी घळीची खूण सांगितली: पठारावरून धारेला आलं की पहिली सोडायची, दुसरी, तिथं तोंडाशी उंबराचं झाड.

"आता न्हाई उंबर, पडला. पर कळली कळली. म्हस पडल्याली घळ ती. आमची म्हस गेलती आत, चाऱ्याच्या नादानं. खालच्या कातळाला अडाकली." आणि जरा थांबून, "तवाच म्हनलो न्हवतो का, डावीकडची न्हवं?"

म्हणाले होते. फोन ठेवून मी घळीच्या तोंडाशी एक वेपॉइंट टाकला आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, 'म्हस पडलेली घळ'. पुन्हा जीपीएक्स करून आधी माझ्या जुन्या यंत्रात भरून बघितलं. त्याला देवनागरी येत नाही. पडद्यावर नावाच्या जागी ओळीनं चौकोन आले. फोनवर मात्र नाव नीट दिसलं. फाइल त्या मुलाला पाठवली, सोबत माफी मागितली, आणि तुझ्याकडून ज्यांना ज्यांना जुनी गेली असेल त्यांना ही पाठव म्हणून कळवलं.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. "पाठवली काका. सगळ्या ग्रुपवर टाकली. एक विचारू? म्हस वाचली का?"

मी मामांना विचारलं नव्हतं.